सतराशे पन्नास रूबल

स्टॉपवॉचचा खटका वाजला आणि जागृतीचा हात जड झाला. तिने केला नाही, आपला आपण झाला. मशीन गुरगुरलं, डाव्या हाताने कॉलर पुढे आली, उजव्याने शर्टाचा गळा धरला, सुई खाली उतरली, सगळं रोजचंच. फक्त प्रत्येक हालचालीच्या शेवटी एक रिकामा क्षण चिकटून यायला लागला. दोरा ओढून बघ. टाका वळवून बघ. बोट ओढणीला पूस. बाकीच्या अकरा मशिनी जिवाच्या आकांताने धावत होत्या आणि हिची बारावी आपली रमतगमत चालली होती. वसई पूर्वेला एका गोडाऊनच्या वरचा हॉल एजंटाने दिवसाच्या भाड्याने घेतला होता. बेलारूस नावाच्या देशात शर्टांचा एक कारखाना आहे, तिथे शिलाईला बायका कमी पडतात, म्हणून ही परीक्षा. एजंटाचा माणूस चिराग छातीवर स्टॉपवॉच लटकवून मशिनींमधून फिरत होता. “वीस मिनिटं, ताई. जेवढ्या कॉलर लागतील तेवढ्या. घाबरायचं नाही, अपना ही घर समझो.” जागृती घाबरली नव्हतीच. सहा महिने ती या वीस मिनिटांची वाट बघत होती. पासपोर्ट काढला होता, कानातले मोडून चिरागच्या ऑफिसात नाव नोंदवलं होतं. आणि आता ऐन वेळेला हात ऐकेना. वळणावरचा बैल जसा आपोआप घराकडे वळतो तसा तो वळला होता, वालीवच्या लाइनीकडे.

वालीवच्या शर्टांच्या कारखान्यात ती अकरा वर्षं पीसवर आहे. पीसवर म्हणजे जेवढी कॉलर तेवढे पैसे. महिना नाही, पगारी सुट्टी नाही, लाइट गेली तर तुझं नशीब. कॉलरचा दर कसा ठरतो हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. शर्टाची नवी तऱ्हा आली की सुपरवायझर अल्पेश घड्याळ घेऊन एखाद्या बाईच्या मागे उभा राहतो. ती तासाला किती, म्हणजे दिवसाला किती लावते ते बघतो, सगळ्यांची दिवसाची मजुरी मालकाच्या मनात आधीच ठरलेली असते, तिला तो त्या आकड्याने भागतो आणि येईल तो दर. म्हणजे बाई चटपटीत निघाली तर दर खाली. तिच्या चटपटीतपणाचा दंड सगळ्या लाइनीला. हा हिशेब कोणत्या शहाण्याने शोधला त्याच्या हाताला एकदा सुई लागायला पाहिजे. जागृती नवी होती तेव्हा अल्पेश तिच्याच मागे येऊन उभा राहिला. सत्तावीस वर्षांची, जूचंद्रची सून, सोनू तेव्हा तीन वर्षांची, आणि अंगात कसली ती हौस की मी कोण हे या लोकांना दाखवीन. तिने तासात बासष्ट कॉलर लावल्या. अल्पेश म्हणाला, “क्या बात है! सोन्याचा हात आहे.” तिला ते घरी जाईपर्यंत पुरलं. सोमवारी फळ्यावर नवा दर लागला. दोन रुपये दहा पैशांचा एक रुपया साठ. पन्नास पैसे. चाळीस बायकांचे, दर कॉलरमागे. त्या दुपारी डबा खाताना तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली आणि पुढचा महिनाभर रिकामीच राहिली. कुणी शिवी दिली नाही. पाणी मागितलं तर पाणीही दिलं. पण बाटली हातात नाही दिली, मशीनवर ठेवून गेल्या.

शेवटी बोलली ती लिडिया. वटारची, केळीच्या वाडीतून सकाळी सहाला निघून दोन बस बदलून यायची, लाइनीत सगळ्यांत जुनी, चष्म्याला दोरी. एक दिवस डबा घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, “रडायचं झालं का गो तुझं? आता ऐक. घड्याळ आलं की म्हातारी व्हायचं. माझ्यासारखी.” मग तिने एकेक गोष्ट शिकवली, स्वयंपाक शिकवावा तशी. दोरा तुटू द्यायचा, पण तोडल्यासारखा दिसला नाही पाहिजे. बॉबिन अर्धी असतानाच बदलायची. चष्मा असेल तर पुसायचा. काम चुकवायचं नाही हं, टाका सरळच आला पाहिजे, फक्त दोन टाक्यांच्या मधे जे आहे ते त्यांना द्यायचं नाही. “ते आपलं,” लिडिया म्हणाली, “देवाला पन दाखवायचं नाय.” आणि हे म्हणताना चर्चमधल्यासारखा कपाळाला हात लावला. त्यानंतर अकरा वर्षांत अल्पेशला कधी कळलं नाही की ही बाई खरंच किती जोरात शिवू शकते. तिलाही ते विसरायला झालं होतं. आठवायचं ते फक्त महिनाअखेर, चुकून कुणी मागे नसताना, जेव्हा हात सुटायचा आणि कॉलरी पाण्यासारख्या वाहत जायच्या, आणि तिला एकदम सात-आठ वर्षांची असल्यासारखं हलकं वाटायचं.

मशिनींच्या रांगेतून बेलारूसची बाई चालत होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, केस कापलेले, उन्हाने लाल झालेल्या नाकावर चष्मा. अंगात साधा सुती झगा आणि गळ्यात शिंप्याची टेप, दागिना असल्यासारखी. ती घड्याळाकडे बघतच नव्हती. एकेका मशीनपाशी थांबायची, शिवलेली कॉलर अंगठ्याने दाबायची, उलटी करायची, पुढे जायची. जागृतीपाशी थोडी जास्त थांबली. जागृतीने मान वर केली नाही. तिच्या डोक्यात आकडे चालले होते, सहा महिने चालतात तसे. सतराशे पन्नास रूबल महिना, दोन वर्षांचा करार, चिराग म्हणाला होता. एक रूबल म्हणजे साधारण तीस रुपये. साडेबावन्न हजार. हा आकडा घरात पहिल्यांदा उच्चारला तेव्हा सासूने तो पुन्हा एकदा म्हणायला लावला होता. आणि मग तो आकडा खर्च व्हायला लागला. सासूने मोरीला दरवाजा लावून घेतला, मनातल्या मनात. नवरा शत्रुघ्न दुसऱ्याचा पाण्याचा टँकर चालवतो. त्याने स्वतःचा टँकर घेतला, त्यावर देवीचं नावसुद्धा रंगवलं. सोनू चौदा वर्षांची, तिने काही मागितलं नाही. मोबाइलवर बघून एवढंच म्हणाली, “मम्मी, तिथे आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. मी शाळेतून येईन तेव्हा तू कामावर असशील.” मग पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्या देशाला समुद्र नाही हेही तिनेच सांगितलं. “म्हंजे मच्छी?” सासू म्हणाली. “खारवलेली मिळते, डब्यातली.” “नि बटाटे,” शत्रुघ्न म्हणाला, “पोटभर बटाटे. चिराग बोलला.” सगळे हसले. जागृतीही हसली. रात्रभर मग तिला जिभेवर पिठूळ चव येत राहिली, न खाल्लेल्या बटाट्यांची.

बर्फ कसा असेल तेही तिने ठरवून टाकलं होतं. पांढरी जमीन तिने एकच बघितलेली, मिठागराची. बाप मिठागरावर होता. एप्रिलच्या उन्हात त्या पांढऱ्याकडे बघवायचं नाही, आणि बापाच्या टाचांच्या भेगांमधलं मीठ आई संध्याकाळी कोमट पाण्याने काढायची. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, बाबा, मिठाचा भाव कोन ठरवतो? बाप म्हणाला, “जो गोनी घेऊन येतो तो.” तिला वाटलं होतं, गोणी आणणारा मोठा हुशार माणूस असणार.

खटका पुन्हा वाजला. “बस्स! हात वर!” चिराग ओरडला. जागृतीने मोजलं नाही, मोजायची गरजच नव्हती. तेरा. शेजारच्या नालासोपाऱ्याच्या पोरीच्या वीस झाल्या होत्या, आणि त्यातल्या चार वाकड्या. अर्ध्या तासाने चिरागने यादी वाचली. पहिल्या वर्गात सात जणी, सतराशे पन्नास. दुसऱ्या वर्गात पाच, अकराशे पन्नास. जागृती दुसऱ्यात.

“ताई, आप तो एक्सपिरियन्सवाली हो,” चिराग हळू आवाजात म्हणाला, जणू त्यालाच लाज वाटत होती. “क्या हुआ? तब्येत?”

“हात जड झाला.”

“टेन्शन असेल. हरकत नाही, दुसरा वर्गही चांगला. वर्षाने अपग्रेड होतो. पासपोर्ट इथेच राहू दे, बुधवारी कागद करू.”

बाकीच्या बायका खाली वडापाव खायला गेल्या. दुपारच्या गटाच्या बायका जिन्याजवळच्या खुर्च्यांवर येऊन बसायला लागल्या, मांडीवर पासपोर्ट, ओढण्या सारख्या करत. जागृती बाराव्या मशीनवरून उठलीच नाही. राग यायला हवा होता, तसा तो आलाही, पण चिरागवर नाही. आपल्याच बोटांवर. तिने ती समोर धरून बघितली. अकरा वर्षं ज्यांना पढवलं तीच ही बोटं, त्यांनी फितुरी केली म्हणायचं की इमान राखलं? मालक कुठला, देश कुठला हे त्यांना काय माहीत. कुणीतरी घड्याळ घेऊन मागे आलं, एवढंच त्यांना कळलं, आणि चाळीस बायकांचे पन्नास पैसे त्यांनी वाचवले, ज्या चाळीस बायका इथे नव्हत्याच. तिला एकाएकी हसू आलं. मग तिने उरलेल्या कपड्याचा गठ्ठा पुढे ओढला आणि शिवायला लागली. कुणासाठी नाही, कशासाठी नाही. हात सुटला. एक, दुसरी, तिसरी. कपडा बोटांखालून नुसता सरकत होता, सुई कुठे पडणार ते पायाला आधीच कळत होतं, आणि मशीनचा आवाज वेगवेगळ्या टाक्यांचा न राहता एक लांबलचक सूर झाला होता.

सूर थांबला तेव्हा बेलारूसची बाई समोर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने खाली पडलेल्या कॉलरी उचलल्या, अंगठ्याने दाबल्या, मोजल्या. मग लांब टेबलाशी बसलेल्या चिरागच्या छातीकडे, तिथल्या घड्याळाकडे बोट केलं, आणि जागृतीकडे बघून भुवया वर केल्या. जागृतीला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. पकडली गेली होती. लिडिया म्हणाली होती, देवाला पन नाय. पण बाई रागावली नाही. ती शेजारच्या मशीनवर बसली, कपडा घेतला, चार टाके घातले आणि थांबली. चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला, उजेडात धरून बघितला. पुन्हा चार टाके. दोरा ओढून बघितला. अर्धी भरलेली बॉबिन बाहेर काढली, मोठ्या गंभीरपणे तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही, चालणार नाही ही. जागृतीने तोंडावर हात दाबला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हजारो मैलांवरच्या, बर्फातल्या बाईला हे कुणी शिकवलं? वटारची लिडिया तर तिथे गेली नव्हती. बाईही आता हसत होती, आवाज न करता, खांदे हलवून. म्हणजे तिथेही कुणीतरी घड्याळ घेऊन मागे उभं राहतं. आणि तिथेही दोन टाक्यांच्या मधे बायका काहीतरी लपवतात.

चिराग धावत आला. बाईने त्याच्या हातातली यादी घेतली, जागृतीचं नाव खोडलं आणि वरच्या रकान्यात लिहिलं. “अरे वा, ताई! लग गयी लॉटरी! पहिला वर्ग!” त्याने आनंदाने टाळी वाजवली. खरा आनंद, त्याला वरच्या वर्गामागे जास्त सुटत असणार. जागृतीने मात्र बाईकडे बघितलं. बोलता येत नव्हतं. चिरागच्या मोबाइलमध्ये भाषांतराची सोय होती, पण मोबाइल चिरागचा. तिने मशीनवरचा शिंप्याचा खडू उचलला आणि निळ्या कपड्यावर लिहिलं, १७५०. मग लक्षात आलं की हा आकडा तिला वाचता येणार नाही, म्हणून खाली इंग्रजीत लिहिलं. आणि बाईच्या छातीकडे बोट करून खांदे उडवले. तुला किती?

बाईने खडू हातात घेतला. क्षणभर चिरागकडे बघितलं. मग लिहिलं, 1420. बोटांनी दाखवलं, दहा, दहा आणि सहा. सव्वीस वर्षं. सतराशे पन्नासच्या पुढे तिने कॅलेंडरसारखे चौकोन काढले, सहा दिवसांचे सहा, आणि शनिवारच्या चौकोनावर, नंतर प्रत्येक दिवसाच्या शेपटाला जाड रेघ मारली. सगळे ओव्हरटाइम धरून सतराशे पन्नास. साधा महिना चौदाशे वीस. त्याखाली ती उतरवत गेली, बाजारातून आलेल्या बाईने पिशवीतलं एकेक काढावं तशी. सरकारचे शंभरातले चौदा. पलंगाचं चित्र, त्यापुढे हॉस्टेलचे दीडशे. पाव, बटाटा, दूध, साडेतीनशे. बस आणि फोन, साठ. विमान काढलं, वाकडंतिकडं, आणि चिरागकडे बोट केलं. तिकिटाचे महिन्याला शंभर, कापून. तळाशी रेघ मारली. 560. मग एक बूट काढला, उंच, लोकरीचा, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. बूट तर घ्यावाच लागेल बाई.

“ताई, ती जुन्या हिशेबाची आहे,” चिराग म्हणाला. “तुम्ही काय ते मनावर घेऊ नका.”

“जुन्या म्हंजे? सव्वीस वर्सं झाली तिला तिथं. तू किती वेळा गेलास?”

“ओव्हरटाइम तर मिळणारच ना.”

“लिहून दे.”

“सगळं लिहून थोडीच असतं, ताई.”

तिसाने गुणायला जागृतीला मोबाइल लागला नाही. सोळा हजार आठशे. वालीवला चांगल्या महिन्यात चौदा पडतात. तिने त्या निळ्या कपड्याकडे बघितलं. दोन हजार आठशे, बूट सोडून. अनोळखी पाव आणि अनोळखी दूध. दोन वर्षं. दोन वर्षांनी सोनू सोळाची. आत काही फुटलं वगैरे नाही. उलट आतमध्ये मिठागरावर दुपारी असते तशी शांतता होती, जिथे काहीच हलत नाही आणि सगळं स्वच्छ दिसतं. फोन वाजला. शत्रुघ्नचा.

“काय झालां? पास?”

“पास. पयला वर्ग.”

“अगो!” मागे टँकरमध्ये पाणी भरल्याचा आवाज येत होता. “आयला सांगतो. कवा जायाचं?”

“ऐक. साडेबावन्न नाय. सगला कापून हातात सोला हजार आठशे.”

तो हिशेब करत होता हे तिला कळलं. त्याचे ओठ हिशेब करताना हलतात. टँकर गेला, असं त्याला वाटत असेल. वाटू दे. माणूस वाईट नाही. तो म्हणाला, “तरी जास्तीच हाय ना. दोन-अडीच तर जास्तीच. नि सोनूला आय बघंल.”

तिला त्याच्यावर चिडता आलं असतं. पण त्याच्या आवाजात तिने काय ऐकलं? तिचीच सवय. कुणीतरी आकडा फळ्यावर लावतो, आपण त्यातून काय उरतं ते बघतो, आणि उरलं तर म्हणतो, वाईट नाय. मिठाला असंच, टँकरला असंच, कॉलरला असंच. साला, आपण आयुष्यभर नुसतं उरलेलं मोजत आलो.

“दोन हजार आठशे,” ती हळूच म्हणाली. “सोनूची आय दोन वर्सं भाड्यानं द्यायची, तर भाव मी ठरवीन. तुमी कोनी नाय.”

“मी कुटं बोललो...”

“नाय बोललास. ठेव.”

ती उठली. चिराग टेबलाशी दुपारच्या बायकांचे पासपोर्ट रचत होता. निळा कपडा तिने खुर्च्यांसमोरच्या टेबलावर पसरून ठेवला, पाठ वर न करता, वाचता येईल असा. बायका वाकून बघायला लागल्या. “हे काय ओ?” एकीने विचारलं. “पगार,” जागृती म्हणाली. कुणीतरी मोबाइल काढला. कुणीतरी बुटाच्या चित्रावर बोट ठेवलं. नालासोपाऱ्याची पोर खालून वडापाव संपवून आली होती, तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, “मला तर नऊच मिळतात, ताई. मी जाईन.” तिला जागृती काय सांगणार? तिच्या नऊमध्ये तिचं कोण कोण बसलेलं होतं ते तिलाच ठाऊक. “जा,” ती म्हणाली, “पन हे सगलं उतरवून घे.” पोरीने कपड्याचा फोटो काढला.

चिराग लाल झाला होता. “ताई, धंद्याची वाट लावता काय! तुम्हाला जायचंय की नाही, एक सांगा.”

“जायचंय,” जागृती म्हणाली. आवाज चढला नाही, तिलाच नवल वाटलं. “चौदाशे वीसचे दोन हजार तीनशे कर. ओव्हरटाइम वेगला. तिकीट तुझ्या खिशातून. कागदावर, मराठीत. वर्साला एक महिना घरी.”

चिराग हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. “हा रेट कुठून आणला?”

“मी लावला.”

“असा रेट नसतो, ताई.”

“माजा हा हाय.”

बेलारूसची बाई भिंतीशी उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मोबाइल कुणीच तिच्यापुढे धरला नाही. चिरागने गठ्ठ्यातून एक पासपोर्ट ओढून टेबलावर टाकला. तो सरकत सरकत कडेला येऊन थांबला. जागृतीने तो उचलला, पहिलं पान उघडून आपलाच आहे ना बघितलं, आणि पर्समध्ये टाकला. अकरा वर्षांत तिने पहिल्यांदा आपल्या कामाचा दर स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. तो कुणी कापला नाही. नुसता परवडला नाही म्हणून परत केला. जिना उतरताना तिला वर चिराग पुढच्या बारा जणींना मशिनींवर बसायला सांगताना ऐकू आला, आणि एका बाईचा आवाज, चिडलेला नाही, फक्त विचारणारा: “थांबा ओ, ते पलंगापुढचे दीडशे कसले, ते आधी सांगा.”